तहान

एका इंजिनाला तहान लागली,
म्हणून आमचं लूमिस जंक्शन नकाशावर आलं.
त्या काळी दर पस्तीस मैलांवर पाणी लागायचं.
सर्व्हेवाल्याने पाइनच्या रानात, लाल मातीत
काठी रोवली आणि म्हणाला, इथं टाकी.
टाकीशेजारी पंपवाला, त्याची बायको,
बायकोच्या कोंबड्या,
मग खानावळ, चर्च, त्या चर्चशी भांडून दुसरं चर्च.
मग दुसरी लाइन पहिलीला कापत गेली
आणि आमची जीभ 'शहर' म्हणायला लागली.

मला चौदाव्या वर्षी नोकरी लागली,
माणसं उठवायची.
रात्री दोनला हातात कंदील, खिशात यादी.
'मिस्टर टिलरी, अडतीस नंबर, तीन वाजता!'
आतून खोकला ऐकू आल्याशिवाय हलायचं नाही, हा नियम.
गोऱ्यांच्या घरी मागच्या दाराने जायचं,
हाही नियम, पण तो कुठे लिहिलेला नव्हता.
कोण कुठल्या दाराआड झोपतं,
कोण भलत्याच दाराआड,
मला सगळं ठाऊक होतं.
आता सांगून टाकलं असतं,
पण लाज वाटायला कुणी उरलेलं नाही.

आई सकाळी चादरी वाळत घालायची,
दुपारी काजळीने काळ्या झालेल्या पुन्हा धुवायची.
'काजळी पडतेय तोवर पगार आहे,' म्हणायची,
आणि पिळताना जरा जास्तच जोर लावायची.

स्टेशनात वेटिंग रूम दोन, नळ दोन.
पाइप एकच.
तो माझ्या काकाने टाकला होता.

ओझेल टिलरीने सव्वीस वर्षं कोळसा ओढला.
इंजिनात डावीकडे बसायचा.
त्याच्याकडून चढ-उतार शिकलेली पोरं
एकेक करून उजवीकडे गेली, ड्रायव्हर झाली.
तो मात्र चढ आला की नुसता घसा खाकरायचा,
आणि पलीकडचा हात आपोआप लिव्हरवर जायचा.

लढाईच्या वर्षांत दिवसाला बावन्न गाड्या.
सात मिनिटांच्या थांब्यात मिस व्हर्डी
पीचच्या पुऱ्या विकायची खिडकीखिडकीशी.
एका सोल्जरने पुरी घेतली अन् गाडी हलली.
'परत येताना देईल,' ती म्हणाली.
लढाई संपली. ती गाड्या निघून गेल्यावरही
रिकामं ताट कमरेला लावून उभी राहायची,
दहा सेंटसाठी नाही.

मग एका मार्चमध्ये डिझेल आलं.
पिवळं, निळं, धुतलेल्या शर्टासारखं.
बँड वाजला, मेयर बोलले, शाळेला सुट्टी.
टिलरी तेवढा टाकीकडे बघत होता.
'हे पाणी पीत नाही,' तो म्हणाला.
सगळे हसले. मीही हसलो.

पाणी नको, मग टाकी नको.
कोळसा नको, मग टिलरी नको.
बॉयलरवाले एकोणीसशे जण, त्यांना तीन शुक्रवारांत
तपकिरी पाकिटं मिळाली.
मला उठवायला कुणी राहिलं नाही.
आलं त्याच क्रमाने सगळं गेलं असतं
तर हिशेब तरी लागला असता.
पण हॉटेल आधी गेलं, कोंबड्या अजून आहेत,
आणि चर्चं तर वाढली, अकरा झाली.
मुलं अटलांटाला गेली, तीही मोटारीने.

आता मी अठ्ठ्याऐंशीचा.
कोण येत नाही दार ठोठवायला,
तरी दोनला जाग येते, खोकतोही.
दोन चाळीसला मालगाडी जाते,
सव्वाशे डबे, थांबत नाही,
वेगही कमी करत नाही.
पूर्वी शेवटच्या डब्यात गार्ड असायचा,
हात हलवायचा.
आता तिथे एक लाल दिवा बसवलाय,
नुसता उघडझाप करतो.
मी पोर्चवरून हात वर करतो.
आत येऊन नळ सोडतो, ग्लास भरतो,
आणि बराच वेळ
तसाच हातात धरून बसतो.